व्यंगचित्र कसे वाचावे?

वर्तमानपत्रात एखादे गमतीचे चित्र असते. माणसाचे डोके भोपळ्याएवढे, पाय काडीसारखे. शेजारचा हसतो आणि आपण विचारतो, "यात हसण्यासारखं काय आहे?"

लाजू नका. चित्रसुद्धा वाचावे लागते. पळणाऱ्या माणसामागे दोन-चार आडव्या रेघा असल्या, की तो जोरात पळतो आहे असे समजावे. कपाळावरून थेंब उडाले, म्हणजे तो घाबरला. तोंडापाशी फुगा असेल तर आतले शब्द तो बोलतो आहे. फुगा ढगासारखा असेल तर ते त्याच्या मनात आहे. हे कुणी पोटातून शिकून येत नाही. अ-आ-इ-ईसारखेच ते सवयीने येते.

पण हसू कुठून येते? म्हशीवर माणूस बसला, यात नवल नाही. आता माणसाच्या पाठीवर म्हैस बसलेली काढा! मनाने धरलेले एक, डोळ्यांना दिसते दुसरे. आपण अडखळतो. मग एकदम उमगते, अरे, हा म्हशीचं कर्ज वाहतोय! गाठ सुटली की हसू फुटते. कुणी ती सोडून सांगितली तर निम्मी गंमत जाते.

शि. द. फडणीस (जन्म १९२५) यांची पुष्कळ चित्रे बिनशब्दांची आहेत. ती पाहून निरक्षरही हसतो. आर. के. लक्ष्मण यांचे तसे नाही. त्यांचा 'कॉमन मॅन', म्हणजे साधा माणूस, १९५१ पासून मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त येऊ लागला. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा. पुढारी बोलतात, हा मुकाट्याने बघतो. त्याची गंमत कळायला त्या दिवसाची बातमी ठाऊक हवी. तेव्हा बातमी आधी वाचा, चित्र मागून बघा.

आता आपल्या नगर जिल्ह्याचे बघू. समजा, चित्रात पोराच्या दप्तरातून कोयता डोकावतो आहे. मुंबईचा माणूस म्हणेल, "पोरगं मारामारीला निघालंय काय?" पाथर्डीकडची बाई असे विचारणार नाही. दिवाळी सरली, मुकादमाची गाडी दारात आली, आईबापांबरोबर पोरही ऊसतोडीला चालले, शाळा मागे राहिली, हे सारे तिला त्या एका कोयत्यात दिसते. तिला हसू येत नाही. चित्र मात्र तिलाच नीट कळलेले असते. व्यंगचित्र म्हटले की हसवणारेच असते असे नाही. काही चित्रे टोचण्यासाठीच काढलेली असतात.