शिकविणाऱ्या परिचारिकेचे शिक्षण

ज्याला एखादी गोष्ट उत्तम येते त्याला ती शिकविताही येते, हा समज आपल्यात फार जुना आहे. अनुभव मात्र निराळा आहे. चाळीस वर्षे पुरणपोळ्या करणाऱ्या आजीस नातसुनेने गुळाचे प्रमाण विचारावे, तर ‘अंदाजाने घाल’ एवढेच उत्तर मिळते. आजी काही लपवून ठेवीत नाही. तिचे ज्ञान तिच्या हातांत मुरलेले असते, ते शब्दांत उतरत नाही. घरात यामुळे फार तर पोळी फुटेल. रुग्णालयात हेच घडले तर त्याची किंमत रोग्यास मोजावी लागते. म्हणून अनुभवी परिचारिकेस ‘शिकवावे कसे’ हेही शिकविले पाहिजे, या विषयाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

हा विषय आपल्या घरांना परका नाही. १९०९ साली पुण्यास सेवासदन निघाले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास धीर दिला. त्या काळी पांढरपेशा घरांनी या धंद्यास नाके मुरडली. आज त्याच घरांतील आजीआजोबा अतिदक्षता विभागात असतात तेव्हा रात्री तीन वाजता त्यांच्या उशाशी परिचारिकाच उभी असते. ती तेवीस वर्षांची असेल आणि नोकरीस लागून तिला तीनच महिने झाले असतील. तिच्या हाताला वळण कोणी लावले, हा प्रश्न मग केवळ तिचा राहत नाही, आपलाही होतो.

नव्या मुलीची अडचण समजून घेतली पाहिजे. जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका असावी लागते. परंतु पदवी घेऊन ती वॉर्डात रुजू झाली की ती शिक्षिका मागे राहते आणि समोर असतात खाटा, सलाईनच्या बाटल्या व अस्वस्थ नातलग. पुस्तकातील वॉर्ड आणि खरा वॉर्ड यांतील या अंतराने नवी परिचारिका कशी गांगरते, याचे वर्णन मार्लीन क्रेमर या अमेरिकन विदुषीने १९७४ साली केले. या काळात जवळ कोणी जाणती नसेल तर मुलगी एक तर चुका करते, नाही तर धंदाच सोडते. आणि चुका साध्या नसतात. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेत सोडले, तर हृदय बंद पडू शकते.

‘जाणत्या सिस्टर आहेतच की!’ असे कोणी म्हणेल. आहेत, पण येथेच आजीच्या पुरणाची गोष्ट आठवावी. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली परिचारिकेच्या वाटचालीचे नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंत पाच टप्पे मांडले. नवशिकी नियमांस धरून चालते. तज्ज्ञ परिचारिका रोग्याकडे पाहताच ‘याचे काही ठीक दिसत नाही’ हे ओळखते. परंतु कशावरून ओळखले, हे तिला चटकन सांगता येत नाही. बोलक्या अज्ञानापेक्षा मुके ज्ञान बरे खरे. पण ते पुढच्या पिढीच्या उपयोगी पडत नाही.

या मुक्या ज्ञानास वाचा फोडण्याच्या युक्त्या आहेत आणि त्या शिकता येतात. हातांनी करावयाच्या कामासाठी रॉडनी पेटन या शल्यविशारदाने १९९८ साली सांगितलेल्या चार पायऱ्या पाहा. प्रथम शिकविणारीने काम नेहमीच्या गतीने, न बोलता करून दाखवावे. दुसऱ्या वेळी प्रत्येक कृतीचे कारण सांगत करावे. तिसऱ्या वेळी शिकणारीने सांगावे आणि शिकविणारीने त्याप्रमाणे करावे. चौथ्या वेळी शिकणारीने स्वतः करावे. खरी मेख तिसऱ्या पायरीत आहे. मुलीस काय कळले नाही, ते सुई रोग्याच्या अंगास लागण्यापूर्वीच उघड होते.

विचार करावयास शिकविण्याची पद्धत आणखी मनोरंजक आहे. १९९२ साली अमेरिकेतील काही वैद्यक-शिक्षकांनी मांडलेल्या या पद्धतीस ‘एका मिनिटाचा गुरू’ म्हणता येईल. समजा, शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याचा श्वास जलद वाटतो, असे नवी परिचारिका सांगत आली. सिस्टरने स्वतः धावत जाण्यापूर्वी विचारावे, ‘तुला काय वाटते?’ मग, ‘कशावरून?’ नंतर एकच नियम सांगावा : रक्तदाब उतरण्यापूर्वी पुष्कळदा श्वासाची गती वाढते, म्हणून श्वास पुरा मिनिटभर मोजावा. चौथे, बरोबर केले ते बोलून दाखवावे : ‘लगेच येऊन सांगितलेस, हे उत्तम केलेस.’ आणि शेवटी उणीव दाखवावी : ‘लघवी किती झाली, ते पाहावयाचे राहिले, चल, आता पाहू.’ चारचौघांत, रोग्यासमोर झालेल्या खरडपट्टीने मुलगी चूक लपविण्यास शिकते; या एका मिनिटाने ती विचार करण्यास शिकते.

याचा गुण येतो काय? आपल्या सीमेलगतच्या कर्नाटकातील बेळ्ळारी व गुलबर्गा जिल्ह्यांत २०१२ च्या सुमारास एक प्रयोग झाला. परिचारिकांनाच मार्गदर्शिकेचे शिक्षण देऊन त्यांना ठराविक काळाने प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाठविले. अशी ५४ केंद्रे आणि मार्गदर्शिका नसलेली ५४ केंद्रे यांची तुलना केली, तेव्हा मार्गदर्शिका लाभलेल्या परिचारिकांचे प्रसूतीतील गुंतागुंतीविषयीचे ज्ञान व केंद्राची तयारी अधिक चांगली आढळली. इंग्लंडातील परिषदेने २०१८ साली आणखी एक शहाणपणाचा नियम केला : शिकविणारी वेगळी आणि परीक्षा घेणारी वेगळी. गुण देणाऱ्या व्यक्तीपुढे आपले अज्ञान कोण उघड करील?

आता आपल्या भागाकडे वळू. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांचा आधार शहरवासीयांस तसा शहापूर-मुरबाडकडच्या गोरगरिबांसही आहे. येथे रोगी आगरी बोलीत दुखणे सांगतो, वारली बोलीत सांगतो, हिंदीत सांगतो; आणि नवी परिचारिका कदाचित विदर्भातून किंवा केरळातून आलेली असते. कोणत्या शब्दामागे कोणती व्यथा आहे, हे येथे वीस वर्षे घालविलेल्या परिसेविकेसच ठाऊक असते. ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळावयाचे नाही.

मात्र अशा सिस्टरवर नुसते ‘हिला शिकवा’ म्हणून आणखी एक ओझे लादणे हा उपाय नव्हे. शिकविण्याच्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे व सर्वसाधारण रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक परिचारिका असावी, असा परिचर्या परिषदेचा दंडक आहे. तो पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहतो, हे आप्ताच्या खाटेजवळ रात्र काढलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही. म्हणून आमच्या मते चार गोष्टी अवश्य आहेत. ज्यांना शिकविण्याची आवड आहे त्यांचीच निवड व्हावी. त्यांना या कामाचे रीतसर शिक्षण मिळावे. शिकविण्याच्या दिवसांत त्यांच्याकडील रोग्यांची संख्या कमी करावी. आणि या कामाचे वेगळे मानधन द्यावे. ही मागणी नवलाची नाही. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलबाईंची शाळा निघाली, तेव्हा उमेदवार मुलींना शिकविणाऱ्या वॉर्डातील सिस्टरांना निधीतून वेगळा मोबदला मिळत असे.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे, याचा कल्याणकरांस रास्त अभिमान आहे. असाच मान शुश्रूषा शिकविणाऱ्या स्त्रीसही मिळाला पाहिजे. आमच्या वाचकांपैकी कोणी रुग्णालयांचे विश्वस्त आहेत, कोणी डॉक्टर, कोणी नगरसेवक. आणि पुष्कळांच्या लेकीसुना परिचारिका आहेत. पुढच्या वेळी रुग्णालयासाठी देणगीची गोष्ट निघेल तेव्हा नव्या यंत्राबरोबरच ‘येथे नव्या मुलींना शिकविते कोण, आणि तिला त्यासाठी वेळ मिळतो काय?’ एवढे त्यांनी अवश्य विचारावे.