बोटं नसलेला हात

डोरेमॉनच्या हाताला बोटं नाहीत. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून ज्याच्यासमोर बसायचं, त्या निळ्या रोबोट मांजराबद्दलची ही एवढी उघड गोष्ट तेव्हा कधी खटकली नव्हती. हात म्हणजे नुसता पांढरा गोळा. त्यात तो बॅम्बू कॉप्टर धरतो, डोराकेक धरतो, रडत आलेल्या शाळकरी नोबिताचं मनगटही धरतो. आता मोठेपणी तीच मालिका पुन्हा पाहायला घेतली, तर नजर त्या गोळ्यावरच खिळून राहिली. हा धरतो तरी कसा?

मालिकेच्या जगात याचं उत्तर आहे: त्याच्या तळव्यात वस्तू ओढून चिकटवून घेण्याची शक्ती आहे. पण मला थक्क केलं ते आपल्या जगातल्या उत्तरानं. अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ, शिकागो विद्यापीठ आणि आयरोबॉट ही कंपनी यांच्या संशोधकांनी २०१० साली रोबोटसाठी खरोखरच बिनबोटांचा हात करून दाखवला. साहित्य काय, तर एक रबरी फुगा आणि त्यात भरलेली दळलेली कॉफी! हा मऊ फुगा वस्तूवर दाबायचा, म्हणजे तो तिच्या कडाकोपऱ्यांभोवती आपोआप बसतो. मग आतली हवा खेचून घ्यायची. बाहेरच्या हवेचा दाब फुग्यावर पडतो, कॉफीचे कण एकमेकांत अडकतात आणि फुगा टणक होऊन वस्तू पकडीत येते. कॉफीचं आतली हवा काढलेलं पाकीट विटेसारखं कडक असतं आणि कात्री लावताच मऊ पडतं, त्यामागचं भौतिकशास्त्र हेच. या हातानं कच्चं अंडं न फोडता उचललं, पेन धरून रेघा ओढल्या.

बोटांचा रोबोट हात करायचा तर प्रत्येक सांध्याला हालचाल द्यावी लागते, वस्तूला कुठे स्पर्श करायचा, किती जोर लावायचा याचं गणित मांडावं लागतं. इथे ते बरंचसं गणित कॉफीच्या कणांनीच उरकलं. गोल, मऊ, बिनबोटांचा हात ही चित्रकारानं कंटाळ्यापोटी घेतलेली सूट आहे, असं आता मला कुणी सांगितलं तर मी वाद घालीन.

अर्थात हा चित्रकार कॉफीच्या फुग्याचा विचार करत नव्हता. हिरोशी फुजिमोतो, म्हणजे फुजिको एफ. फुजिओ, १९६९ च्या शेवटी मोठ्या अडचणीत होते. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या मुलांच्या मासिकांत त्यांच्या नव्या चित्रकथेची जाहिरात छापून आली होती. तिच्यात टेबलाचा खण होता, पण त्या खणातून बाहेर येणारा नायक नव्हता, कारण तो अजून सुचलाच नव्हता. त्यांनीच पुढे चित्रकथेतून सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे, मुदत अगदी गळ्याशी आलेली असताना त्यांचा पाय मुलीच्या खेळण्याला अडखळला. ढकललं तरी पुन्हा उभी राहणारी, तळाशी जड अशी गोल बाहुली होती ती. डोक्यात आधीपासून घोळणारं मांजर आणि ही बाहुली एकत्र आली. १९७० च्या जानेवारी अंकांपासून डोरेमॉन सुरू झाला. ते गोल शरीर त्या बाहुलीकडून आलं, आणि गोळ्यासारखे हातही त्याला साजेसेच.

त्याची उंची १२९.३ सेंटिमीटर आहे. हा आकडा जपानमधल्या तेव्हाच्या चौथीतल्या मुलांच्या सरासरी उंचीवरून घेतला होता. म्हणजे नोबिता मान वर न करता, सरळ डोळ्यांत बघून ज्याच्याशी बोलू शकेल असा रोबोट. मग फुजिको यांना या आकड्याची गोडीच लागली असावी: वजन १२९.३ किलो, उंदीर पाहून पळण्याचा वेग ताशी १२९.३ किलोमीटर, आणि जन्मतारीख ३ सप्टेंबर २११२, म्हणजे वर्षाचा १२, महिन्याचा ९ आणि दिवसाचा ३. जपानी घरात बाहेरची पादत्राणं घालून शिरत नाहीत, आणि हा तर अनवाणीच हिंडतो. त्यावरही तोडगा आहे. तो जमिनीपासून ३ मिलिमीटर वर तरंगतो, म्हणून त्याची पावलं मळत नाहीत. आपण इतके भाग पाहिले आणि तो चालतोय असंच समजत राहिलो!

पण मोठेपणी खरा हादरा बसतो तो वेगळ्याच गोष्टीनं. हा रोबोट बिघडलेला आहे. त्याचे कान उंदरानं कुरतडलेत. मिशा म्हणजे रडार, गळ्यातली घंटा मांजरांना बोलावण्यासाठी, नाक माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. पण यातलं बरंचसं नादुरुस्त. ऐन वेळी पोटावरच्या खिशातून नको त्याच वस्तू बाहेर येतात. जपानी दूरचित्रवाणीवर १ जानेवारी १९६३ ला ओसामु तेझुका यांचा ॲस्ट्रो बॉय अवतरला होता, एक लाख अश्वशक्तीचा. त्यानंतर सात वर्षांनी फुजिको यांनी उंदराला भिणारा रोबोट काढला, आणि मुलांनी त्यालाही तितकंच आपलं मानलं.

दुबळ्या यंत्राकडे माणूस ओढला जातो, हा आज संशोधनाचा विषय आहे. जपानच्या तोयोहाशी तंत्रज्ञान विद्यापीठात मिचिओ ओकादा यांनी मुद्दाम असे ‘दुबळे रोबोट’ घडवले. त्यांचा एक रोबोट म्हणजे चालती कचरापेटी. तिला हात नाहीत, कचरा उचलता येत नाही. ती डुलत डुलत कचऱ्यापाशी जाते आणि थबकते. आजूबाजूची मुलं आपण होऊन कचरा उचलून तिच्यात टाकतात, मग ती वाकून नमस्कार करते. यंत्राची उणीव माणसाला कामाला लावते. डोरेमॉनचं नोबिताशी असलेलं नातं मला आता याच उजेडात दिसतं. दोघंही आपापल्या जागी कच्चे आहेत, म्हणून दोघांना एकमेकांची गरज आहे.

कथेतलं विज्ञानही वाटलं होतं त्यापेक्षा धीट आहे. नोबिताचा खापरपणतू सेवाशी भविष्यातून डोरेमॉनला पाठवतो, जेणेकरून नोबिताचं नशीब सुधारेल आणि लग्न दांडगट जियानच्या बहिणीऐवजी मैत्रीण शिझुकाशी होईल. मग सेवाशी जन्मणार कसा? हा प्रश्न नोबिता पहिल्याच कथेत विचारतो. उत्तर मिळतं: ओसाकाला कुठल्याही वाहनानं गेलास तरी दिशा बरोबर असेल तर पोचशीलच. भौतिकशास्त्रज्ञाचं यानं समाधान होणार नाही, पण कालप्रवासातला सर्वांत अवघड प्रश्न शाळकरी मुलांसमोर सुरुवातीलाच ठेवला गेला, याचं मला कौतुक वाटतं.

आणि मालिकेतली मुलं जिथे जमतात, त्या मैदानातले सिमेंटचे पाइप! ते तिथे का, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. वेगानं वाढणाऱ्या टोकियोत तेव्हा जमिनीखाली सांडपाण्याच्या वाहिन्या टाकल्या जात होत्या, आणि असे पाइप मोकळ्या जागांवर रचून ठेवलेले असत. शहराच्या २३ प्रभागांत हे जाळं जवळपास पूर्ण व्हायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. जियानचं बेसूर गाणं ज्या पाइपांवरून ऐकावं लागायचं, ते एका महानगराच्या उभारणीचं सामान होतं.

आपल्याकडे डोरेमॉन २००५ मध्ये हंगामा टीव्हीवर हिंदीतून आला. मराठी घरांतल्या कितीतरी मुलांची हिंदी त्यावरच पोसली गेली. शेजारच्या बांगलादेशात तर मुलं हिंदी बोलू लागली म्हणून सरकारनं २०१३ मध्ये या हिंदी प्रक्षेपणावर बंदी घातली.

सगळ्या भागांत मी पुन्हा पुन्हा पाहतो तो आजीचा. नोबिताला जुनं अस्वल सापडतं, वारलेल्या आजीनं ठिगळ लावून शिवलेलं. तो कालयंत्रातून तिला पाहायला जातो. डोरेमॉन बजावतो, लांबूनच बघ. पण नोबिताला राहवत नाही, आणि तो तिच्यासमोर जातो. तिला आपल्या नोबिताला शाळेचं दप्तर पाठीवर घेतलेलं पाहायचं असतं. तो धावत जाऊन दप्तर घेऊन येतो आणि आपण कोण हे सांगून टाकतो. आजीला जराही शंका येत नाही. चौथ्या मितीच्या त्या खिशात काय काय आहे, पण तिला परत आणणारी एकही वस्तू त्यातून निघत नाही, आणि कथा तशी वस्तू शोधतही नाही. इतका संयम असलेली विज्ञानकथा मोठ्यांच्या साहित्यातही मला क्वचित भेटली आहे. २०२० च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन २’ या चित्रपटाचा आधार हीच कथा आहे. लहानपणी डोरेमॉन पाहिला असेल, तर हा भाग आता पुन्हा पाहा. घरात आजी असेल तर तिलाही शेजारी बसवा.