कॅमेरा मिटल्यावर

होमाई व्यारावाला यांनी १९७० साली कॅमेरा खाली ठेवला आणि त्यानंतर त्या जवळजवळ बेचाळीस वर्षे जगल्या. काम केले ते बत्तीस वर्षे. काम सोडल्यानंतरचे आयुष्य त्याहून दहा वर्षांनी मोठे. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचा उल्लेख होतो आणि बहुधा तो तिथेच संपतो. ‘पहिला’ किंवा ‘पहिली’ या शब्दाची आपल्याकडे मोठी गैरसोय आहे. तो माणसाला हार घालतो आणि भिंतीवर टांगून मोकळा होतो.

मी कुरखेड्यात स्टुडिओ चालवणारा माणूस. नागपूरच्या एका दैनिकाला पुष्कळ वर्षे फोटो पाठवले, पुढे ते थांबले. त्यामुळे असेल कदाचित, पण होमाईबाईंच्या पहिलेपणापेक्षा त्यांचे थांबणे मला अधिक विचार करायला लावते.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीचा. वडील पारशी-उर्दू नाटक कंपनीत नट. शिक्षण मुंबईत, पुढे जे. जे. कलाशाळेत. कॅमेरा हाती दिला तो माणेकशा व्यारावाला यांनी. ते टाइम्स ऑफ इंडियात हिशेब पाहत आणि फोटोही काढत. पुढे दोघांचे लग्न झाले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने होमाईबाईंचे पहिले फोटो छापले आणि फोटोमागे एक रुपया दिला. सुरुवातीची कित्येक छायाचित्रे मात्र माणेकशांच्या नावाने छापली गेली, कारण या मुलीचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. नवऱ्याने हे लपवले नाही, उलट बायकोला पुढे केले, हेही नोंदवले पाहिजे. पण कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही आमच्या धंद्यातली जुनीच रीत. खेड्यापाड्यातून गेलेल्या किती फोटोंखाली आजवर नाव छापले गेले असेल? ‘छाया : आमच्या वार्ताहराकडून’ एवढेच.

१९४२ मध्ये दोघे दिल्लीला गेले. ब्रिटिश माहिती खात्याची नोकरी, शिवाय नियतकालिकांसाठी काम. साडी नेसलेली बाई सायकलवर कॅमेरा बांधून दिल्लीभर हिंडते, हे दृश्य तेव्हा लोकांनी थांबून पाहिले असणार. बाईंना त्याचा फायदाच झाला. ही काय फोटो काढणार, असे समजून कोणी अडवत नसे. स्पीड ग्राफिक नावाचे ते धूड उचलायलाच पैलवान लागे. एकेका फ्लॅशला नवा बल्ब, एकेका फोटोला वेगळी फिल्म. फाळणीची योजना काँग्रेसने मतदानाने स्वीकारली ती बैठक, लाल किल्ल्यावर चढलेला तिरंगा, माउंटबॅटन यांचा निरोप, विमानात सिगारेट ओठात धरून ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पत्नीची सिगारेट पेटवून देणारे नेहरू, १९५६ मध्ये नथू ला खिंडीतून येणारे तरुण दलाई लामा. हे सारे आपण कुठे ना कुठे पाहिलेले असते. कोणी काढले ते विचारलेले नसते.

एक फोटो मात्र राहिला. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या बिर्ला हाउसच्या प्रार्थनेला निघाल्या होत्या. माणेकशांनी परत बोलावले. उद्या दोघे मिळून जाऊ, मी चित्रपटाचा कॅमेराही घेईन, म्हणाले. तो उद्या उजाडला तो अंत्ययात्रेचा. ती त्यांनी टिपली, पण आदल्या दिवशीची चुटपुट त्यांना जन्मभर पुरली. छायाचित्रकाराचे चरित्र लिहिताना काढलेल्या फोटोंची यादी होते. त्याच्या मनात मात्र न काढलेल्यांची यादी असते.

त्या वापरत तो दुसरा कॅमेरा रोलीफ्लेक्स. त्याच जातीची जपानी यशिका माझ्याकडे होती. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत पाहायचा असतो. म्हणजे समोरच्याकडे रोखून न पाहता मान खाली घालून फोटो निघतो. जंगलातल्या गावात बुजणारी माणसे या कॅमेऱ्यापुढे बुजत नसत, हा माझा अनुभव. रोल बारा फोटोंचा, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. बारापैकी दोन बातमीसाठी, बाकीचे लग्नाच्या ऑर्डरसाठी राखायचे. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तरी आमच्या फोटोंचा रस्ता नागपूरलाच जाई. रात्री डेव्हलपर कालवायचा, वीज टिकली तर प्रिंट काढायचे, हायपोतून धुऊन दोरीवर टाकायचे आणि पहाटे पाकीट वडशाकडे जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायचे. पावसाळ्यात सतीला पूर आला की पाकीट घरीच. बातमी छापून यायची, फोटो चार दिवसांनी पोचायचा, आणि चार दिवसांच्या पुराचा फोटो कोण छापतो?

होमाईबाईंनी काम का सोडले? १९६९ मध्ये माणेकशा गेले, हे एक कारण. दुसरे त्यांनी स्वतःच पुन्हापुन्हा सांगितले: नव्या छायाचित्रकारांचे वागणे. आपल्या काळी काही नियम होते, पेहरावाचा संकेत होता, एकमेकांचा मान ठेवत असू. आता नुसती धक्काबुक्की उरली, असे त्यांचे म्हणणे. यात म्हातारपणी प्रत्येकाला सुचते ते ‘आमच्या वेळी’ थोडे आहेच. दरबारी अदबीने काढलेल्या फोटोंतून सत्तेची खरी बाजू कितीशी दिसते, असेही कोणी विचारील, आणि ते रास्तच आहे. पण तक्रार करून त्या तिथेच राहिल्या नाहीत. कॅमेरा ठेवला आणि पुन्हा धंद्यासाठी उचलला नाही.

आमच्याकडे धक्काबुक्की दिल्लीसारखी नसते, पण असते. चकमकीत गेलेल्या एका शिपायाचा फोटो हवा म्हणून मला एकदा नागपूरहून फोन आला. फोटो माझ्याकडेच होता. पोलीस भरतीच्या अर्जासाठी पोराने पासपोर्ट फोटो काढून घेतला होता. शर्ट मित्राचा होता, बाहीत हात पुरत नव्हते. तो दिला. मग त्याच्या आईचा हवा झाला, रडतानाचा. मी गेलो. अंगणात आई बसली होती आणि पदराने तोंड झाकून घेत होती. बाहेरून आलेल्यांपैकी एकजण म्हणाला, ‘मावशी, पदर जरा बाजूला करा.’ शेजारच्या बायकांनी त्याच्याकडे पाहिले. मी कॅमेऱ्याचे झाकण उघडलेच नाही. मुलाचा पासपोर्ट फोटो तेवढा पाठवला आणि आईचा मिळणार नाही असे कळवले. मग फोन कमी झाले, पुढे बंद. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले, तेव्हा माझ्याकडे फोटो मागणारे कोणी उरले नव्हते. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल होता.

काम सोडल्यावर होमाईबाई मुलाबरोबर राहिल्या, १९८२ पासून वडोदऱ्यात. १९८९ मध्ये मुलगा कॅन्सरने गेला आणि त्या एकट्या उरल्या. स्वतःचे घर स्वतः सांभाळत, बाग करीत. जगाला त्या जवळजवळ विसरल्याच होत्या. पुढे सबिना गडीहोक यांनी त्यांच्यावर सविस्तर पुस्तक लिहिले, संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे गेला, २०१० मध्ये मोठे प्रदर्शन झाले, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १५ जानेवारी २०१२ रोजी अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. ‘डालडा १३’ हे त्यांचे टोपणनाव: जन्म १९१३ चा, माणेकशांची भेट तेराव्या वर्षी, गाडीचा क्रमांक डी.एल.डी. १३. गंमत अशी की माझ्या निगेटिव्हही डालड्याच्या रिकाम्या डब्यांतच आहेत. झाकण घट्ट बसते, ओल शिरत नाही. बुरशीने खाल्ल्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतल्या.

अलीकडे लोक त्या डब्यांसाठीच येतात. मागच्या उन्हाळ्यात एक बाई आली. ‘भाऊ, आमच्या बाबाचा फोटो हाय का जी तुमच्यापाशी?’ बाबाचा एकट्याचा फोटो कधी निघालाच नव्हता. साल तिला सांगता येईना. थोरल्या भावाचे लग्न झाले त्या उन्हाळ्यात, एवढीच खूण. तीन डबे पालथे घातल्यावर तेंदूपत्त्याच्या फळीवरचा एक फोटो सापडला, मजुरी वाटपाच्या बातमीसाठी काढलेला. सात माणसे, तिसरा बाबा. मोठा करून तेवढाच कापून काढला. शेजारच्या माणसाचा हात मात्र बाबाच्या खांद्यावर राहिला. खोडून देऊ का, विचारले. ती म्हणाली, ‘राहू द्या जी, तो हात आमच्या मामाचा हाय.’