वारींत महाराष्ट्र पाहणाऱ्या विदुषी

राष्ट्र म्हणजे काय, ह्या प्रश्नाचें उत्तर कोणी इतिहासांत शोधतो, कोणी भाषेंत, तर कोणी कायद्याच्या ग्रंथांत. डॉ. इरावतीबाई कर्वे ह्यांनीं तें पंढरीच्या वाटेवर शोधलें.

आमच्या विंचुरावरून ज्या सरदार घराण्यास विंचूरकर हें उपनांव पडलें, त्याच्या पुण्यांतील वाड्यांत लोकमान्य टिळक राहत असत, व १८९४ सालीं तेथें सार्वजनिक गणपति बसला. देवघरांतील पूजा चौकांत आणून तिच्याभोंवतीं लोक एकवटावे, हा त्यामागील हेतु उघड होता. वारीचें तसें नाहीं. ती राजकारणासाठीं कोणी काढलेली नाहीं. म्हणूनच समाजशास्त्रज्ञास ती अधिक बोलकी वाटावी, हें स्वाभाविक आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजीं ब्रह्मदेशांत झाला. वडील गणेश हरि करमरकर तिकडे नोकरीस होते, आणि तेथील इरावती नदीवरून कन्येचें नांव ठेवण्यांत आलें. सातव्या वर्षीं त्या शिक्षणासाठीं पुण्यास हुजूरपागेंत आल्या व पुढें रँग्लर परांजपे ह्यांच्या घरीं वाढल्या. मुंबईस डॉ. घुर्ये ह्यांच्या हाताखालीं त्यांनीं एम. ए. केलें. पति दिनकरराव हे महर्षि कर्वे ह्यांचे चिरंजीव. सुनेनें उच्च अध्ययनासाठीं जर्मनीस जावें, हें मात्र स्त्रीशिक्षणास आयुष्य वाहिलेल्या महर्षींस रुचलें नाहीं. घरोघरीं मातीच्या चुली, दुसरें काय! दिनकरराव पत्नीच्या पाठीशीं उभे राहिले व त्या बर्लिनला गेल्या.

तेथें ऑयगेन फिशर हे त्यांचे गुरु. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात. ह्या विषमतेचा वंशाशीं संबंध असावा, व युरोपीय कवट्यांत ती वेगळी दिसावी, अशी फिशर ह्यांची अपेक्षा होती. बाईंनीं कवट्या मोजल्या. तसा संबंध आढळला नाहीं. आणि ज्यांच्या हातीं पदवी, त्यांच्यापुढेंच त्यांनीं तो निष्कर्ष ठेवला. पुढें ह्याच फिशर ह्यांच्या वंशविचाराचा आधार नाझी राजवटीनें घेतला, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या परदेशीं विद्यार्थिनीच्या निर्भयतेची किंमत कळते.

१९३९ सालीं त्या डेक्कन कॉलेजांत आल्या. ‘मराठी लोकांची संस्कृति’ (१९५१), भारतांतील नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथ (१९५३) व ‘युगान्त’ (१९६७) हें त्यांचें कार्य विद्वानांस परिचित आहे. परंतु मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘परिपूर्ति’ (१९४९) ह्या संग्रहांतील ‘वाटचाल’ हा छोटा लेख. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर त्या पायीं चालल्या. निरनिराळ्या प्रांतांतले, निरनिराळ्या बोली बोलणारे लोक एकाच नामाच्या गजरांत चाललेले त्यांनीं पाहिले, आणि ज्या देशींचे लोक पंढरीच्या वारीस जातात तो महाराष्ट्र, अशी त्याची व्याख्या त्यांस सुचली. १ मे १९६० रोजीं राज्य झालें, त्याच्या दहा-अकरा वर्षें आधींची ही गोष्ट!

पण बाईंची दृष्टि येथेंच थांबली नाहीं. दिवसभर एका सुरांत गाणाऱ्या ब्राह्मण व मराठा स्त्रिया मुक्कामीं जेवावयास निराळ्या बसत. ह्या भेदानें त्या व्यथित झाल्या, व तें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. आपल्या सुशिक्षित घरांनीं भक्तीच्या वर्णनाइकाच हा भागहि वाचला पाहिजे. ती व्याख्या मला पुरी वाटत नाहीं, हेंहि सांगतों. चोखोबांची समाधि महाद्वाराबाहेर आहे. पंढरीच्या मंदिराचें दार अस्पृश्यांस १९४७ सालीं, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडलें. आणि आमच्या नाशकांत काळाराम मंदिरासाठीं डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांस १९३० पासून सत्याग्रह करावा लागला. शिवाय जे पंढरीस जातच नाहींत, ते मुसलमान व ख्रिस्ती मराठी लोक ह्या व्याख्येंत कोठें बसतात? बाईंच्या लेखांतच ह्या प्रश्नाचें बीज आहे, कारण पंक्तिभेद दडवून त्यांनीं एकतेचें गोड चित्र काढलें नाहीं.

१९६२ सालीं हा लेख इंग्रजींत प्रसिद्ध झाला. पुढें व्हिक्टर टर्नर ह्या मानववंशशास्त्रज्ञानें देशोदेशींच्या यात्रांचा विचार करतांना त्याचा आधार घेतला, आणि वाटेवरही जातीच्या पंक्ती मोडत नाहींत, ह्या गोष्टीची त्यांनीं दखल घेतली. तोंवर इरावतीबाई हयात नव्हत्या. ११ ऑगस्ट १९७० रोजीं त्यांचें पुण्यांत निधन झालें होतें.