एक वादक, अनेक गिटारी आणि दुसऱ्याचे कान

१९४८ साली अमेरिकेत 'लव्हर' नावाची एक तबकडी निघाली. तिच्यावर आठ गिटारी एकाच वेळी वाजताना ऐकू येतात. वाजवणारे मात्र एकटे लेस पॉल. हॉलिवुडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी आधी एक भाग तबकडीवर मुद्रित केला. मग ती तबकडी वाजत ठेवून तिच्या जोडीने दुसरा भाग वाजवला आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर घेतले. असे थरावर थर चढत गेले. काही भाग निम्म्या वेगाने मुद्रित केले. अशी तबकडी नेहमीच्या वेगाने फिरवली की स्वर एक सप्तक वर जातो आणि बोटेही दुप्पट चपळ वाटतात. दर नकलेगणिक जुना थर थोडा बिघडतो, म्हणून कमी महत्त्वाचे भाग आधी आणि मुख्य धून शेवटी, असा क्रम पाळावा लागे.

या खटाटोपामागची एक हकिगत लेस पॉल पुढे सांगत असत. त्यांच्या आईने रेडिओवर गिटार ऐकली आणि ती मुलाचीच समजली. प्रत्यक्षात वाजवणारा दुसराच कोणी होता. तुझे वादन वेगळे ओळखू यायला हवे, असे आईचे म्हणणे पडले. वेगळेपण कसे आणावे, हे मात्र तिने सांगितले नाही. तिला जे ऐकू आले तेवढेच तिने सांगितले. उपाय शोधणे हे मुलाचे काम. आमच्या मते अभिप्राय असावा तो असा.

आज हेच थर रचायला गॅरेज लागत नाही. साधा संगणक किंवा मोबाइल फोन पुरतो आणि शाळा-कॉलेजातली कितीतरी मुले हा उद्योग करतात. एक फरक मात्र मोठा आहे. तबकडीवर दोन थर एकत्र झाले की त्यांचे प्रमाण कायमचे ठरून जाई. संगणकात प्रत्येक थर सुटा राहतो, त्यामुळे कोणती गिटार किती मोठी हे शेवटपर्यंत बदलता येते. मग प्रमाण ठरवायचे कोणी? वादक स्वतः शंभर वेळा ऐकतो आणि तरी चुकतो. मित्र ऐकतात आणि "छान झालंय" म्हणतात. असे का होते, याची उत्तरे ध्वनिशास्त्रात सापडतात.

विद्यार्थ्याचे गिचमिड अक्षर आपल्याला लागत नाही, पण तो स्वतः ते घडाघडा वाचतो. काय लिहिले आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. वादकाचेही तसेच. मोठा आवाज त्याच्या जवळच्या वारंवारतेचा लहान आवाज झाकून टाकतो. या परिणामाला आच्छादन म्हणतात. खालचे स्वर वरच्या स्वरांना जितके झाकतात, तितके वरचे खालच्यांना झाकत नाहीत. गिटारच्या सहा मोकळ्या तारा सुमारे ८२, ११०, १४७, १९६, २४७ आणि ३३० हर्ट्झच्या असतात. चारही थर याच तारांवर वाजले तर ते एकाच पट्ट्यात दाटी करतात आणि धून झाकली जाते. वादकाला ती तरीही 'ऐकू' येते, कारण ती त्याच्या स्मरणात आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याजवळ ही शिदोरी नसते. म्हणून त्याचे कान मोलाचे. दहाव्यांदा ऐकणारा मित्र त्या कामाचा राहत नाही.

दुसरा घोटाळा खोलीचा. समजा, खोली ३.१ मीटर लांब आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर ११० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३४० भागिले ११०, म्हणजे ३.१ मीटर येते. बरोबर खोलीएवढी! समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग तयार होतो. भिंतींपाशी आणि खोलीच्या मध्यावर हा स्वर घुमतो. भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे सुमारे ७८ सेंटीमीटरवर, तो जवळजवळ नाहीसा होतो. वादकाची खुर्ची नेमकी तिथे असेल तर ११० हर्ट्झची तार त्याला दुबळी वाटते. तो तिचा आवाज वाढवतो. तेच मुद्रण मित्राच्या घरी लावले की खालचे स्वर घूं-घूं करतात. दोष बोटांचा नाही, खुर्चीचा आहे. हा प्रयोग वर्गातही होतो. १७० हर्ट्झचा शुद्ध स्वर भिंतीजवळच्या स्पीकरवर अखंड वाजवावा आणि विद्यार्थ्यांनी एक कान बोटाने बंद करून भिंतीच्या दिशेने सावकाश चालावे. भिंतीपासून सुमारे अर्ध्या मीटरवर आवाज पडलेला जाणवतो.

तिसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. कमी पातळीवर आपला कान खालच्या स्वरांना बराच मंद असतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवले. मोठ्याने ऐकत प्रमाण ठरवले की हळू लावल्यावर मुद्रण पोकळ वाटते. याहून फसवी बाब अशी : एकसारख्या जोराचे दोन निराळे थर मिळाले की पातळी ३ डेसिबल वाढते; चारांत पाचवा मिळवला तर जेमतेम १ डेसिबल. एवढी वाढ "आवाज मोठा झाला" अशी कळत नाही, "जरा बरे वाटते" अशी कळते. म्हणून वादक सहावा थर चढवतो, मग सातवा. मते विचारतानाही हीच फसगत होते. दोन नमुने समोर ठेवले की किंचित मोठा नमुना जिंकतो आणि त्याचे श्रेय वादकाच्या नव्या कल्पनेला जाते.

तेव्हा मत मागण्याची रीत प्रयोगासारखीच काटेकोर हवी. दोन्ही नमुन्यांची पातळी सारखी करून घ्यावी. 'जुना', 'नवा' असे न सांगता 'क' आणि 'ख' म्हणावे. काहींना 'क' आधी, काहींना 'ख' आधी ऐकवावा. उत्तरे चिठ्ठीवर घ्यावीत. तोंडी विचारले की पहिला बोलतो तेच सारे म्हणतात, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. "कसे वाटले?" हा प्रश्न टाळावा, त्याला "छान" हेच उत्तर मिळते. त्याऐवजी विचारावे : संपल्यावर कोणती धून गुणगुणता येते? किती गिटारी ऐकू आल्या? लक्ष कुठे उडाले, मिनिट-सेकंद सांगा. पाच थरांपैकी तीनच मोजले गेले, तर दोन झाकले गेले आहेत किंवा त्यांची गरजच नाही.

ऐकणारा "कुठे" हे बहुधा बरोबर सांगतो, "का" यात चुकतो. समजा, चार जणांनी एकाच जागी "गिटार बोचते" असे लिहिले आणि त्यांतल्या एकाने "तारा बदला" असा सल्लाही दिला. सल्ला बाजूला ठेवावा, जागा पाहावी. आपली कर्णनलिका सुमारे २.५ सेंटीमीटर लांबीची, आत पडद्याने बंद अशी नळी आहे. अशा नळीचा अनुनाद ३४० भागिले ०.१, म्हणजे ३,४०० हर्ट्झच्या आसपास येतो आणि तिथे कान फार तिखट असतो. नखीचा टकटकाट बराचसा याच भागात पडतो. दोन थरांत तो एकदम आला की बोचणारच. एका थराची ही पट्टी दोन-तीन डेसिबलने उतरवावी आणि चिठ्ठ्या पुन्हा वाटाव्यात, या खेपेला मात्र ज्यांनी अजून एकदाही ऐकलेले नाही अशांना.