फळा आणि फोन

उल्हासनगरच्या एका शाळेत मी मराठी शिकवतो, राहतो बदलापूरला. माझ्या वर्गातील मुलांचे आईबाप कॅम्पातल्या जीन्सच्या कारखान्यांत शिवण करतात, अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीवर जातात, नाहीतर पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या बाजूला घरकामाला जातात. यांतली बरीच मुले त्यांच्या घरातील शिकणारी पहिली पिढी आहेत.

सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती ही पाचवी ते दहावीच्या मागासवर्गीय मुलींसाठी असते. एका वर्षी ज्यांचे कागद अपुरे होते त्या मुलींची यादी माझ्या हाती आली. नाव, जात, राहिलेला कागद, असे तीन रकाने. मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. घाईघाईत मी यादीचा फोटो काढला आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत ती साठ घरांत पोचली. एका पालकाने खाली लिहिले, 'यांचे बरे आहे.' एवढेच तीन शब्द. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्यापाशी आली. म्हणाली, "सर, माझी जात सगळ्यांना कशाला दाखवली?"

यादी मी तोवर पुसली होती. पण कोणीतरी तो फोटो आधीच ठेवून घेतला होता. जातीचे चटके सोसून शिकलेला मी, आणि हे माझ्याच हातून घडावे! शिक्षकाच्या हातातील या नव्या साधनाचा विचार मी तेव्हापासून करू लागलो. फळ्यावर लिहिलेले डस्टरने पुसता येते आणि ते वर्गाच्या चार भिंतींतच राहते. फोनवर लिहिलेल्याला भिंत नाही.

हे साधन आपल्या वर्गात आले ते मुख्यतः मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या तेव्हा. त्याच वर्षी राज्यात व्हॉट्सॲपवरून 'स्वाध्याय' सुरू झाला. मुलांनी आठवड्याला प्रश्न सोडवावेत अशी ती योजना. पण फोन घरात असणे वेगळे आणि मुलाच्या हातात असणे वेगळे. ग्रामीण भारतात झालेल्या 'असर'च्या २०२१ च्या पाहणीत ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. परंतु त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. शहरातल्या आमच्या वस्तीत काही निराळे नव्हते. बाप फोन खिशात घालून कामावर गेला, की मुलाची शाळाच त्याच्याबरोबर निघून जाई.

म्हणून हे साधन फेकून द्यावे काय? तसे मला वाटत नाही. ज्या आईला शाळेत येण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते, तिला रात्री आवाजातला निरोप ऐकता येतो. वाचता न येणाऱ्या पालकाशी, मराठी न येणाऱ्या सिंधी-हिंदी घराशी बोलता येते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवून धडा फोनवर ऐकण्या-पाहण्याची सोय केली. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. एका खेड्यातल्या शिक्षकाचे काम असे सर्वांच्या उपयोगी पडू शकते.

प्रश्न आहे तो साधन समजून वापरण्याचा. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. एकट्याने मुली वाढवणाऱ्या एखाद्या बाईचा नंबर आपण अशा रीतीने साठ अनोळखी घरांना देऊन टाकतो, हे किती शिक्षकांच्या ध्यानात येते? त्याच ॲपमध्ये 'ब्रॉडकास्ट'ची सोय आहे. तिच्यात निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो, कोणाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही, उत्तरही फक्त शिक्षकाकडे येते. पालकाने शिक्षकाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला असावा, एवढीच अट. ग्रुपच हवा असेल तर लिहिण्याची मुभा फक्त ग्रुप चालवणाऱ्याला ठेवता येते; मग 'यांचे बरे आहे' लिहायला जागा उरत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्टला लोक स्थानकात रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास थांबल्या, पुढे इंटरनेटही बंद झाले. लोकांना एकत्र आणण्यात फोनचा वाटा होता. पण त्याच फोनवर 'मुलगी कोणाची, राहते कुठे?' असेही विचारले जात होते, आणि विचारणाऱ्यांत सुशिक्षित माणसे होती. बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याचे तेविसावे कलम पीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, वस्ती, ओळख पटवील असे काहीही प्रसिद्ध करण्यास मनाई करते. ही मनाई सर्व माध्यमांना आहे. न्याय मागताना पीडितेलाच उघडे पाडणे ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. फोनने तिला वेग दिला.

शिक्षकाचे स्वतःचे लेखन हा दुसरा प्रश्न. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापराचे नियम काढले. स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारीही त्यांत आले. खाजगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नका, असे ते सांगतात. शाळेत पाणी नाही हे लिहिणे माहिती ठरेल की टीका? ही भीती खरी आहे. अशा वेळी एकट्याने रात्री संतापून लिहिण्यापेक्षा संघटनेच्या नावाने, पुराव्यासह, लेखी मागणी करणे मला अधिक परिणामकारक वाटते.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' काढले. काय छापायचे आणि काय नाही, हे ठरवणारा संपादक आपला होता. आज व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही तिन्ही मेटा या एकाच अमेरिकी कंपनीची आहेत. घर दुसऱ्याचे आहे. मग आपल्या ग्रुपपुरते तरी संपादकाचे काम शिक्षकाने करायला नको काय? पाठवण्याआधी त्याने स्वतःला विचारावे: हे साठ घरांनी वाचण्याची गरज आहे काय? यातून कोणाची जात, गरिबी किंवा नापासपण उघडे पडते काय? आणि फोन नसलेल्या मुलाला हे कसे कळणार?

शिष्यवृत्तीची यादी आता माझ्या वहीत असते. राहिलेल्या कागदासाठी मी एकेका घरी फोन करतो. दोन संध्याकाळी जातात. त्या मुलीचा दाखला शेवटी वेळेत आला आणि शिष्यवृत्तीही मिळाली. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.