यंत्राचा ठेका आणि डफड्याचा हात

जिनिंगमधील कामगारांचे पगार आणि हमालांचे दर यांवर उभी हयात बोलत आलेल्या माणसाने तालावर बोलावे, हे कळले तेव्हा आमच्या काही स्नेह्यांना हसू आवरले नाही. त्यात त्यांची चूक नाही. आम्ही संगीत शिकलेलो नाही. या विषयात आम्हांला जे थोडेबहुत कळले, ते गाऱ्हाण्यातून कळले. एका लग्नसराईत जळगाव जामोदच्या आसपासचे डफडेवाले आमच्या कचेरीत आले. वरातीत आता भोंग्यांची गाडी येते, ठेका संगणकावर आधीच करून ठेवलेला असतो, त्यामुळे सुपाऱ्या बुडाल्या, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्राविरुद्ध ठराव करा, अशी त्यांची मागणी होती. आम्ही कागद पुढे ओढलादेखील.

परंतु ठराव लिहिण्यापूर्वी असे ठराव पूर्वी कोणी केले आहेत काय, हे पाहावे म्हणून थोडे वाचन केले. १९५९ साली अमेरिकेत वुर्लित्झर कंपनीने ‘साइडमन’ नावाचे ताल देणारे यंत्र विक्रीस काढले, तेव्हा तेथील वादकांच्या संघटनेने हरकत घेतली. १९८२ साली ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेच्या लंडन शाखेने विजेवरील अशा वाद्यांवर बंदी मागणारा ठराव केला. दोन्ही ठिकाणी यंत्र थांबले नाही. गंमत अशी की, त्याच १९८२ साली आपल्या मुंबईत चरणजीत सिंग या चित्रपटसंगीतातील वादकाने जपानी रोलँड कंपनीचे ‘टीआर-८०८’ हे ताल-यंत्र घेऊन, त्याच्या ठेक्यावर दहा राग बसविले. ती ध्वनिमुद्रिका तेव्हा फारशी कोणी घेतली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा लोक चकित झाले. बंदी मागणारा वादक आणि यंत्र हाती घेणारा वादक एकाच वर्षीचे. आम्ही कागद बाजूला ठेवला तो येथे.

आता ते यंत्र पेटीत राहिलेले नाही. ते संगणकात, फोनमध्ये शिरले आहे, आणि ‘हायड्रोजन’सारखी काही साधने फुकटही मिळतात. आमच्या कचेरीत सभासदांच्या नोंदी करणारा मुलगा एका डफडेवाल्याचाच. त्याने ते कचेरीच्या संगणकावर घेतले आणि सायंकाळी काम आटोपल्यावर आम्ही त्याच्या शेजारी बसू लागलो.

पडद्यावर दिसते ते चौकटीच्या वहीचे पान. आडव्या ओळी वाद्यांच्या, एका ओळीत १६ घरे. घरात खूण केली की तेथे ठोका पडतो. १६ घरे संपली की पुन्हा पहिले घर. गती मिनिटाला किती ठोके यात सांगतात, आणि एका ठोक्यात चार घरे धरतात. मिनिटाला १२० ठोके ठेवले, तर एक घर सेकंदाचा आठवा भाग आणि पूर्ण फेरा दोन सेकंदांचा. हजेरीपट भरता येणाऱ्या माणसाला एवढे जमते.

सर्वांच्या ओळखीचा केरवा घेऊ. मात्रा ८, म्हणजे दर मात्रेस दोन घरे. बोल असे: धा गे ना ती, ना क धी ना. प्रत्येक बोल दोन हातांत वाटून घ्यावयाचा. डाव्या हाताचा घुमणारा ठोका, म्हणजे डग्ग्याचा, १, ३ आणि १३ या घरांत. उजव्या हाताचा १, ५, ७, ९, १३ आणि १५ या घरांत. ११ व्या घरात ‘क’चा दाबलेला ठोका. आता पाहा: ४ ते १२ या घरांत डग्गा घुमतच नाही. नवशिक्याला ही जागा ओसाड वाटते आणि तो तेथे दोनचार ठोके भरून टाकतो. मुलानेही तेच केले. ती जागा खालीची आहे. ती भरली की १३ व्या घरात परत येणाऱ्या डग्ग्याला काही किंमत उरत नाही. यंत्रात खूण करणे फुकट असते, म्हणून हा मोह फार. खरा वादक हात दुखतो म्हणूनही जागा सोडतो, आणि त्यातून ताल सुधारतो!

दादरा करावयाचा तर घरे १२ करावी लागतात, रूपकाला १४. पुष्कळ नवशिके १६ घरांतच दादरा कोंबू पाहतात, मग दुसऱ्या फेऱ्याला सम भलतीकडे पडते. घरांची संख्या बदलता येते, ती आधी बदलावी.

मुलाने केरवा नीट भरला, तरी तो ऐकून त्याचे वडील म्हणाले, “भाऊ, ह्याच्यावर पाय नाही उचलत.” आम्हांला तर तो बिनचूक वाटत होता. त्यांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखविले, तेव्हा फरक कानाला कळला. एक तर सर्व ठोके सारख्या वजनाचे होते. गाठी उचलणारा हमाल प्रत्येक पाऊल सारख्या जोराने टाकीत नाही. ओझे एका पायावर येते, दुसरा नुसता टेकतो. यंत्रात प्रत्येक खुणेला जोर ठरविता येतो. आम्ही पहिल्या घराला पुरा जोर दिला, १३ व्याला त्याहून थोडा कमी, ७ आणि १५ निम्म्यावर आणले. दुसरे असे की, वडिलांचे मधले हलके ठोके बरोबर मध्यावर पडत नव्हते, किंचित मागे रेलत होते. यासाठी या साधनांत ‘स्विंग’ची सोय असते: जोडीतील दुसरे घर जरा उशिरा वाजते. ही सोय रॉजर लिन या अमेरिकन कारागिराने १९८० च्या आपल्या यंत्रात आणली. तिचा वापर मिठासारखा करावा. मुलाने एकदा खटका पूर्ण फिरविला आणि केरवा लंगडू लागला.

एक गोष्ट वडिलांनी हसत सांगितली. मुलाने एकाच घरात डफडे, ढोलकी, टाळ आणि संबळ अशा चार ओळी भरल्या होत्या. “हे वाजवायले माणसं किती लागतील?” त्यांनी विचारले. आम्ही हीच कसोटी धरली: ओळीगणिक हात मोजावे. एका माणसाला दोन. टाळाचेही तसेच. उघडा टाळ झणझणत असतो आणि दाबला की थांबतो. यंत्राला हे सांगितले नाही तर दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात. दोन्ही एका गटात घातले की दाबलेला उघड्याला तोडतो.

राहिला आवाज. साधनाबरोबर येणारे ढोल बहुधा पाश्चात्त्य बैठकीचे असतात, त्यात डफडे नसते. म्हणून वडिलांनी कातडे विस्तवावर शेकले, ताणून ठणठणीत केले, आणि मुलाने प्रत्येक ठोका हलका, मध्यम, जोराचा असा तिन्ही परींनी मुद्रित केला. दहा मिनिटांनी कातडे सैल पडू लागले तेव्हा पुन्हा शेकावे लागले. नाहीतर त्याच डफड्याचे दोन स्वर निघाले असते.

तेथेच आम्हांला आमचा ठराव सापडला. अर्ध्या तासाचे ते वादन आता शंभर वरातींत वाजू शकते, आणि वादकाला मजुरी अर्ध्या तासाची? पुढच्या बैठकीत डफडेवाल्यांनी दोन कलमे मान्य केली. आवाज मुद्रित करून घेणाऱ्याने पूर्ण दिवसाची सुपारी द्यावी, आणि ठेका बसविताना वादकाला शेजारी बसवून त्याची वेगळी मजुरी द्यावी. भोंग्यांच्या गाडीवाल्यांपैकी एकाने दुसरे कलम लगेच मान्य केले, कारण त्याच्या ठेक्यावर लोक नाचत नव्हते. पहिल्यावर बोलणी चालू आहेत.